न आलेल्या पैशांची परतफेड

सतरा मार्च, सोमवार. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. ठिकाण अकोला, जठारपेठेतल्या एका जुन्या घराचा पुढचा हॉल. रक्कम अठरा हजार रुपये. हजर माणसं तीन. घराच्या मालकीण खानझोडे बाई, वय बहात्तर, निवृत्त गणित शिक्षिका. स्वतःचा टेम्पो असलेले सुतार रफीकभाई, स्टुलावर चढून सागवानी झोपाळ्याच्या पितळी कड्या सोडवत होते. आणि मी. मी हॉलमध्ये नव्हते, आतल्या खोलीत टेप घेऊन कपाटाची खोली मोजत होते. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तुम्ही होत्या ना तिथे?" होते. बाईंपासून तेरा फुटांवर होते. नंतर मोजलं.

माझा धंदा काय ते आधी सांगते. आमच्या अमरावती-अकोल्यात शिक्षकांनी, वकिलांनी, प्राध्यापकांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेली घरं खूप. त्यांची मुलं पुण्याला, हैदराबादला गेली ती परत आली नाहीत. आता आईवडील त्यांच्याकडे जातात. तिकडे दोन खोल्यांचा फ्लॅट आणि इकडे चाळीस वर्षांचं सामान. ते विकून घर रिकामं करून द्यायचं, हे माझं काम. फोटो काढायचे, मापं घ्यायची, कुठे टवका उडाला असेल तर त्याचाही फोटो टाकायचा, इंटरनेटवर जाहिरात द्यायची, येणारे फोन घ्यायचे. विकलेल्या मालावर दहा टक्के. त्याआधी मी एका पतसंस्थेत कॅशियर होते. पतसंस्था बुडाली. माझ्या टेबलावरचा हिशेब शेवटच्या दिवशीही जुळला होता.

या कामाला अकरा वर्षं झाली. त्यात मी दोन नियम केले होते आणि दोन्हींचा मला अभिमान होता. पहिला नियम, मालकाचा पैसा माझ्या खात्यात येणार नाही. इसार असो की पूर्ण रक्कम, गिऱ्हाईकाने ती थेट मालकाच्या खात्यात टाकायची. इसार म्हणजे सौदा ठरल्यावर आगाऊ द्यायची थोडी रक्कम. आमच्याकडे इसार घेतला की वस्तू त्या माणसाची झाली, मग दुसऱ्याने दुप्पट दिले तरी द्यायची नाही. दुसरा नियम, कुणाकडून चुकून एक रुपया जास्त आला तर तो त्याच दिवशी परत करायचा. एकदा एका फ्रिजच्या गिऱ्हाईकाने घाईत मालकाच्या हातात पाचशे जास्त मोजून दिले, तेव्हा मी ऑटो करून बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेले आणि गाडीच्या खिडकीतून त्याच्या हातात ते ठेवले. हा किस्सा मी प्रत्येक नव्या मालकाला पहिल्याच भेटीत सांगत असे. माझी जाहिरातच होती ती.

खानझोडे बाईंनाही सांगितला. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "असंच पाहिजे. दुसऱ्याचा पैसा घरात ठेवून झोप येते कशी लोकांना?"

झोपाळ्याची किंमत आम्ही साडेअठरा हजार लावली होती. रविवारी दुपारी एक फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, गोड आवाज, दर वाक्याला मॅडमजी. बदली होऊन अकोल्याला येतोय, कुटुंब मागून येणार आहे, आईला झोपाळा आवडतो. किंमत विचारली, मी सांगितली, तो म्हणाला, "ठीक है."

इथेच मी फोन ठेवायला हवा होता. वऱ्हाडात माणूस कोथिंबिरीची जुडी भाव केल्याशिवाय घेत नाही. साडेअठरा हजारांचा झोपाळा न बघता, न घासाघीस करता "ठीक है" म्हणणारा माणूस मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. माझ्या मनात आलंही ते. पण त्याच क्षणी माझे दहा टक्केही मनात आले, अठराशे पन्नास, आणि मी नियमाप्रमाणे त्याला बाईंचा नंबर दिला. इसार दोन हजार, सोमवारी सकाळी पाठवतो म्हणाला. नंबर मीच दिला, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

सोमवारी अकराच्या सुमारास बाईंच्या फोनवर मेसेज आला: आपल्या खात्यात वीस हजार रुपये जमा. लगेच मागोमाग फोन. "मॅडमजी, बड़ी गलती हो गई. दो हज़ार भेजने थे, एक ज़ीरो ज़्यादा लग गया. माँ अस्पताल में है, उसी के पैसे थे. अठारह हज़ार लौटा दीजिए, बाकी पैसा झूला उठाते वक्त दे दूँगा."

बाईंनी मला हाक मारली नाही. का नाही, ते मला नंतर कळलं आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. त्यांना मला झालेलं काम सांगायचं होतं. माझ्या बडनेऱ्याच्या किश्श्याला त्यांचा किस्सा. त्यांनी आधी दहा हजार पाठवले, मग आठ हजार. दोन्ही वेळा पिन नीट बघून टाकला, एकही आकडा चुकला नाही.

अकरा मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन. आता त्याला हाव सुटली होती. म्हणाला, आठ हजार अडकलेत, तुम्हाला परत येतील, मी एक कोड पाठवलाय, तो स्कॅन करा आणि पिन टाका. बाईंना नीट ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर होता. स्टुलावरून रफीकभाई म्हणाले, "बाई, थांबा जरा. पैसे आपल्याले येऊन राह्यले ना? मंग पिन काहून मांगून राह्यला तो?"

"अहो, अडकलेत म्हणतोय."

"त्याचे अडकले असन. आपला पिन आपले पैसे जायसाठी लागते. यायसाठी नाही लागत." रफीकभाई खाली उतरले, बाईंच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "भैया, हमारे घर में कोई पैसा देने आए तो हम उसको पानी पिलाते हैं, तिजोरी की चाबी नहीं देते. चल, रख."

पलीकडून एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद झाला. शिवी ऐकून मी बाहेर आले.

रफीकभाई सातवीपर्यंत शिकलेले आहेत. माझी वाणिज्य शाखेची पदवी आहे. बाई तेहतीस वर्षं गणित शिकवत होत्या. हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

मी बाईंना म्हटलं, खात्याची शिल्लक दाखवा. त्यांनी ॲप उघडलं. वीस हजार कधी आलेच नव्हते. अठरा हजार मात्र गेले होते. तो मेसेज बँकेचा नव्हता. त्या भामट्याने स्वतःच्या फोनवर टाईप करून पाठवला होता. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाने येतो आणि हा दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला होता. पण खरं तर तेवढंही लक्षात ठेवायची गरज नाही. पैसे आले की नाही हे आपल्या खात्याची शिल्लक बघून ठरतं. मेसेज, स्क्रीनचा फोटो, हिरवी खूण, टिंग असा आवाज, यातलं काही म्हणजे पैसे नव्हेत. दूधवाल्याने भरलेल्या कॅनचा फोटो दाखवला तर आपण चहा टाकत नाही.

लोक म्हणतात हे चोर फार हुशार असतात. ही फसलेल्यांनी स्वतःच्या समाधानासाठी उठवलेली बातमी आहे. त्या माणसाने त्या दिवशी शंभर जणांना हाच मजकूर पाठवला असणार. त्याला हुशारी लागत नाही, फक्त लाज नसावी लागते. आणि समोर असं माणूस लागतं ज्याला दुसऱ्याचे पैसे जवळ ठेवणं सहन होत नाही. लबाड माणूस या फसवणुकीत सापडत नाही. त्याला वीस हजारांचा मेसेज आला असता तर त्याने फोन बंद करून ठेवला असता.

तासाभराच्या आत आम्ही सरकारी सायबर मदतीच्या नंबरवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या तरुण अंमलदाराने सगळं लिहून घेतलं, वर पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, शिकलेल्या दिसता."

"शिकवलेलं पण आहे," बाई म्हणाल्या. "पुढचं लिहा."

तासाभरात गेल्याचा फायदा झाला. पहिले दहा हजार निघून गेले होते, पण दुसऱ्या आठ हजारांतले सात हजार बँकेला पुढच्या खात्यात अडकवता आले. ते पुढे सप्टेंबरात बाईंना परत मिळाले. अकरा हजार गेले ते गेलेच. ज्यांना कुणी सांगितलं असेल की उद्या सकाळी जाऊन तक्रार करू, त्यांनी तो उद्या विसरावा.

संध्याकाळी शेजारचे मोहोड वकील आले. तक्रारीची झेरॉक्स मागून घेतली, वाचली, तिच्यातल्या भाषेच्या तीन चुका काढल्या. मग पाय लांब करून म्हणाले, "बाई, परत करायच्या आधी आले का ते पाहावं. हे पाचवीच्या पोराला समजते."

 त्याहून वाईट बोलणं अजून व्हायचं होतं. हैदराबादहून मुलीचा, मंजिरीचा फोन आला. मी समोरच बसले होते. मंजिरी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. ती समजुतीच्या स्वरात म्हणाली, "आई, बस झालं आता. इकडे आलीस की खातं मी सांभाळते. तुला साधा फोन घेऊ, बटणांचा. तुला लागतील तेवढे पैसे मी देत जाईन ना."

खानझोडे सर जाऊन एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून घराचा कर, विमा, पेन्शन, मंजिरीचं लग्न, सगळे व्यवहार बाईंनी एकटीने केले. एका सकाळी एका निर्लज्ज माणसाने दोन फोन केले आणि आता त्यांना भाजीसाठी मुलीपुढे हात पसरावा लागणार होता. बाई एवढंच म्हणाल्या, "बघू." फोन ठेवून त्या छताला टांगलेल्या दोन रिकाम्या आकड्यांकडे बघत बसल्या. झोपाळा खाली भिंतीला टेकवून ठेवला होता.

परतीच्या बसमध्ये अमरावती येईपर्यंत मी हिशेब मांडला. नंबर मी दिला. भाव न करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक मी समजले. परत करण्याची घाई मी शिकवली. माझं खातं स्वच्छ राहावं म्हणून सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी त्या भामट्याच्या समोर एकटं उभं केलं, आणि या सगळ्याला मी अकरा वर्षं प्रामाणिकपणा म्हणत होते.

तीन आठवड्यांनी मोहोड वकिलांनी स्वतःचा कूलर विकायला काढला. माझे दहा टक्के वाचावेत म्हणून जाहिरात स्वतःच दिली. गिऱ्हाईकाने पैसे पाठवतो म्हणून कोड पाठवला. वकिलांनी तो स्कॅन केला, पिन टाकला, पैसे गेले. गिऱ्हाईक म्हणालं, उलटं झालं, पुन्हा करा, दोन्ही येतील. वकिलांनी सात वेळा केलं. भाडेकरारातला शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर भिंग लावून वाचणारा माणूस, त्याच्या स्क्रीनवर ठळक अक्षरांत 'पैसे द्या' असं सातही वेळा आलं होतं. तक्रार कुठे करायची हे विचारायला ते बाईंकडेच आले. बाईंनी नंबर दिला, पाणी दिलं आणि विचारलं, "मोहोड साहेब, पाचवीत नाव घालू का तुमचं? ओळख आहे माझी."

त्या महिन्यात बाई पहिल्यांदा हसल्या, असं रफीकभाई मला म्हणाले.

झोपाळा मात्र विकायचाच होता. एप्रिलच्या शेवटी बाईंना जायचं होतं. तेव्हा परतवाड्याहून गुलाबराव आले, किराणा दुकानदार, साठीचे. आले ते प्रत्यक्ष, सकाळच्या बसने, झोपाळा बघायला. त्यांनी फळीवर नखाने खरवडून बघितलं, कड्या वाजवल्या, फळीखाली आडवे होऊन तिची उलटी बाजू पाहिली आणि म्हणाले, "बारा हजार."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"साडेअठरा," मी म्हटलं.

"बाई, झोपाळा घेऊन राह्यलो, आगगाडी नाही. एक कडी घासली हाय, पाहा."

"तिचा फोटो जाहिरातीत आहे."

"हाव, म्हणूनच बारा म्हनलं. नाही तं अकरा म्हणणार होतो."

पावणेदोन तास चाललं. दोनदा ते चपला घालून फाटकापर्यंत गेले, दोनदा परत आले. शेवटी पंधरा हजार नऊशे पन्नासवर ठरलं. सोळा म्हणायला ते तयार नव्हते, त्यांच्या मते सोळा म्हणजे हार. खिशातून पाचशे एक काढून त्यांनी बाईंच्या हातावर ठेवले आणि मला म्हणाले, "तुमी साक्षीदार. इसार देल्ला." मग उरलेले पंधरा हजार चारशे एकोणपन्नास फोनवरून पाठवले.

त्यांच्या फोनवर हिरवी खूण आली, टिंग झालं. बाईंनी आपलं खातं उघडलं. काही नव्हतं.

"हे पाहा, माह्ये कटले," गुलाबराव फोन पुढे करत म्हणाले.

"तुमचे कटले असतील. माझे आले नाहीत," बाई म्हणाल्या. "बसा. चहा टाकते."

बाहेर रफीकभाईंनी झोपाळा टेम्पोवर बांधून ठेवला होता. अकोल्याच्या एप्रिलचं ऊन, टेम्पोच्या पत्र्यावर पाणी टाकलं तर चरचर आवाज यावा असं. पाऊण तास गेला. खातं होतं तसंच. गुलाबरावांचा चेहरा उतरायला लागला.

"परतवाड्यात चाळीस साल झाले दुकान चालवून राह्यलो," ते म्हणाले. "मले असं कोणी बसवून नाही ठेवलं. मी का झोपाळा घेऊन पळून चाललो काय?"

दारातून रफीकभाई म्हणाले, "टेम्पो माहा हाय, गुलाबराव. पळा लागन तं मलेच पळा लागन. आन् मले ह्या उन्हात पळायची हौस नाही."

मला लाज वाटत होती. हा माणूस खोटा नाही हे मला कळत होतं. त्याने भाव केला होता, फळीखाली झोपला होता. त्या हरामखोराने अकरा हजार नेले ते पैशांत मोजता येतात. पण एका खऱ्या गिऱ्हाईकाला आम्ही चोरासारखं दारात बसवून ठेवलं, ते कशात मोजायचं? माझ्या तोंडावर आलं होतं, जाऊ द्या बाई, येतील पैसे.

तेवढ्यात मंजिरीचा फोन आला. बाईंनी स्पीकरवर घेतला, थोडक्यात सांगितलं. मंजिरी म्हणाली, "अगं आई, दाखवतोय ना तो माणूस स्क्रीन? म्हातारे आहेत, बसवून काय ठेवलंस? जाऊ दे झोपाळा."

 बाईंनी गुलाबरावांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मंजिरी," त्या म्हणाल्या, "स्क्रीन त्यांची आहे. खातं माझं आहे. आणि खातं माझ्याकडेच राहणार आहे, तिकडे आल्यावरसुद्धा. तुझंही मी बघत जाईन, तुला हवं असेल तर."

 पलीकडे मंजिरी हसली आणि म्हणाली, "बरं बाई."

एक तास पन्नास मिनिटांनी पैसे आले. बाईंनी आकडा दोनदा वाचला, आधी मनात, मग मोठ्याने. मग फोन गुलाबरावांपुढे धरून म्हणाल्या, "आले. तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा. पण पुन्हा असंच ठेवीन."

गुलाबराव उठले, धोतर झटकलं. "एक सांगा बाई, तुमच्या वर्गात कोणी पास होत होतं काय?"

"उत्तर बरोबर आलं तर."

ते हसत टेम्पोत बसले. झोपाळा परतवाड्याला गेला.

आता हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. मी पर्समधून पाकीट काढून बाईंसमोर ठेवलं.

"हे काय?"

"अकरा हजार. चूक माझी होती."

"सगळी?" बाईंनी तक्रारीची ती झेरॉक्स ओढली, मागची कोरी बाजू वर केली आणि पेन घेतलं. "नंबर तू दिलास. बटण मी दाबलं. कारणं दोन, वाटणी समान. साडेपाच हजार तुझ्याकडून. त्यातून तुझं कमिशन वजा, पंधराशे पंच्याण्णव."

"कमिशन मी घेणार नाही."

"मग मी साडेपाच हजार घेणार नाही. न कमावलेले पैसे मला एकदा मेसेजमध्ये मिळालेत, तेवढे पुरेत." त्यांनी वजाबाकी केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

तीन हजार नऊशे पाच रुपये. मी ते खानझोडे बाईंना दिले, रोख. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या. मग पाचाचं नाणं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आले."